मोजणीचा दिवस

आज सकाळच्या गाडीत पन्नास माणसं चढली नाहीत तर ती गाडी कायमची बंद होणार होती, आणि तिच्याबरोबर ताईची तिकीटखिडकीही. माणसं मोजायला वरचे साहेब येऊन फलाटावर बसले होते.

ताईने दोन वर्षं धाकट्या भावाशी अबोला धरला होता. तो एका मालकाची बस चालवायचा. ती बस स्टेशनसमोरूनच सुटायची आणि लोकांना थेट कारखान्याच्या दारात सोडायची, म्हणून ताईची गाडी ओस पडली होती.

गाडीला वीस मिनिटं उरली आणि खिडकीसमोर ही रांग लागली. ताईचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"आज इकडे कशी वाट वाकडी केलीत?" तिने पहिल्या बाईला विचारलं.

"काय करणार? बस बंद पडली. ड्रायव्हरच म्हणाला, आज आगगाडीने जा, वेळेवर पोचाल."

ताई तिकिटं देत राहिली. रांगेत सगळ्यांत शेवटी भाऊ उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हाताला तेलाचा एक डाग नाही.

"मलाही एक दे," तो खाली बघत म्हणाला.

ताईने तिकीट पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही. दोन वर्षांनी ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "काय बिघडलंय रे बसचं?"

"अजून ठरवलं नाही, ताई. मालकाचा फोन येईपर्यंत सुचेल काहीतरी."