निळा म्हणजे निळा

आत्मारामने गुलाबाचा देठ सुरीने उभा चिरला आणि आतली निळी रेघ बायकोच्या डोळ्यांसमोर धरली.

"केकचा रंग," तो म्हणाला. "पांढरं फूल रात्रभर रंगाच्या पाण्यात ठेवलंस. देठाने पाणी ओढलं. हा प्रयोग मी आठवीच्या वर्गात बत्तीस वर्षं करून दाखवलाय, वसुंधरा."

वसुंधराने फूल त्याच्या हातून घेतलं आणि देवाला वाहिलं. देवाने तरी देठ चिरला नसता.

सुरुवात त्यानेच केली होती. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मुलीने, पिंकीने, वसईत रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी फोन केला. आत्मारामने मुलाचं नाव विचारलं नाही, फोटो बघायला नकार दिला. "निळा गुलाब फुलेल तेव्हा या घराची पायरी चढ," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. दुसरा कोणी बाप सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा म्हणाला असता. सूर्यापुढे वसुंधराचं काही चाललं नसतं. गुलाबापुढे चालेल, असं तिला वाटलं.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. रोज सकाळी तिच्या मोबाइलवर सुप्रभात म्हणत दवाने भिजलेले निळे गुलाब येत. ती ते त्याच्या चहाशेजारी ठेवी. तो म्हणे, कॉम्प्युटरने रंगवलेत. मालिकेतल्या नायिकेने माळला, तर तो कापडाचा निघे. जगात निळा गुलाब सगळीकडे होता, कॅलेंडरवर, उशीच्या अभ्र्यावर, शेजारणीच्या केकवर. फक्त झाडावर नव्हता. तिने ऑनलाइन बिया मागवल्या. महिनाभर कुंडीला पाणी घातलं, तर लाल माठ उगवला. आत्मारामने त्याची भाजी मुकाट्याने खाल्ली, पण दोनदा मागून घेतली, ते तिला टोमण्यासारखं लागलं.

कुंड्या हलवताना ती स्वतःशीच गुणगुणे,

*निळा गुलाब गं बाई, कोण्या मुलखाला फुलतो,*
*लेकीच्या वाटेकडं, जीव दारात झुलतो.*

"यमक जुळलं," आत्माराम वर्तमानपत्राआडून म्हणे. "फूल नाही."

शेवटी तिने माणूस आणला. गॉडफ्रे. वसईजवळच्या गिरीज गावचा, केळीच्या वाडीत वाढलेला, तिशीच्या आतबाहेरचा. बाजारात रोपं विकताना भेटला, असं ती म्हणाली. तो दर रविवारी दहाला यायचा, त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मांडी घालून बसायचा आणि अकराला निघायचा. जाताना वसुंधरा त्याच्या हातात डबा द्यायची. अलीकडे डब्यात कैरीचं काहीतरी असायचं.

आत्मारामला त्याचाही वैताग यायचा, कारण त्याच्याशी भांडता येत नसे.

"निळा गुलाब असतो का रे?" त्याने पहिल्याच रविवारी विचारलं.

"नाही, सर."

"मग येतोस कशाला?"

"काकी बोलावतात," गॉडफ्रे म्हणाला आणि जंगली गुलाबाच्या खुंटाची साल अलगद चिरून तिच्यात दुसऱ्या झाडाचा डोळा, कोवळा कोंब, बसवू लागला. खुंट एकाचा, डोळा दुसऱ्याचा. वर पट्टी बांधायची आणि वाट बघायची. धरला तर धरला, नाहीतर सुकून गळतो.

आत्माराम खुर्ची ओढून बघत बसला. पुढच्या रविवारीही बसला. वसुंधरा स्वयंपाकघरात असली की तो बोलूही लागला. म्हणाला, ही बाई मला छळते. म्हणाला, मुलगी तर तिच्याहून हट्टी, ताप आला तरी सांगायची नाही, अंगावर काढायची.

"नवऱ्याला कळत असेल का ते?"

"कळतं," गॉडफ्रे म्हणाला. मग मातीत बोट फिरवत, "म्हणजे, कळत असेल."

आत्मारामने चष्मा पुसला. "मास्तरने एकदा फळ्यावर लिहिलं," तो म्हणाला, "की पुसायचं कोणी?"

गॉडफ्रेने पट्टीची गाठ आवळली.

मार्चच्या एका रविवारी, खुंटावर बसवलेल्या डोळ्याला फूल आलं. वसुंधराने हात पुसायचंही भान न ठेवता फूल तोडलं आणि नवऱ्यासमोर धरलं. या वेळी देठ चिरायची गरज नव्हती. रंग फुलाचा स्वतःचा होता.

"जांभळा," आत्माराम म्हणाला.

"निळा आहे."

"जांभळा."

"उजेडात बघा जरा."

तो फूल घेऊन गॅलरीच्या कठड्यापाशी गेला. उजेडात ते जास्तच जांभळं दिसलं. तसं त्याने सांगितलं.

वसुंधरा गॉडफ्रेकडे वळली. "तू सांग रे यांना. तुझं तरी ऐकतील."

गॉडफ्रे मातीने भरलेले हात घेऊन उभा राहिला. त्याने फुलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्याला दिसत होतं.

"जांभळा आहे, काकी."

ती स्टुलावर बसली. पदराने तोंड पुसलं. दीड वर्षात पहिल्यांदाच तिने पुढचा उपाय सांगितला नाही.

आत्माराम कठड्यावर हात टेकून खाली बघत राहिला. मग त्रासून वळला.

"आता रडायला काय झालं? निळा गुलाब नसतो. आधी नव्हता, आता नाही, तुम्ही दोघांनी माझं डोकं फिरवलं तरी होणार नाही." फूल त्याने वसुंधराच्या मांडीवर ठेवलं. "आणि गॉडफ्रे, तू हात धू आणि खाली रिक्षात दर रविवारी तासभर बसवून ठेवतोस त्या तुझ्या बायकोला वर घेऊन ये. पिंकीला म्हणावं, जिना सावकाश चढ. अशा दिवसांत तिची आई दर मजल्यावर थांबायची."