उत्तराचा रकाना

तुम्ही तिला मरू दिलंत, पण देवळात जाऊ दिलं नाहीत. छत्तीस वर्षं सरकारी शाळेत पोरांना अक्षरं शिकवलेली बाई. म्हातारपणी तिच्यापुढे कागद सरकवलात: पेन्शन हवी तर देवाचं दार बंद. तिच्या खिडकीतून देवळाचं सोनेरी छप्पर दिसायचं. तेवढंच.

युडोन हे मनातल्या मनात ओरडत होती. तोंडाने म्हणत होती, "जपून, बाई. फरशीवर लोणी सांडलंय."

ल्हासाच्या त्या मोठ्या देवळात ती वाटाडी म्हणून आली होती. एरवी तिलाही बंदीच. गळ्यातलं ओळखपत्र बजावायचं: माहिती द्यावी, पूजा करू नये. आणि ती बाई, तिची आई, जाऊन आज एकोणपन्नासावा दिवस. आज तिचं नाव लाल कागदावर सोनेरी शाईने लिहून दिव्यात जाळलं नाही, तर तिचा जीव नव्या जन्माच्या वाटेवर चाचपडत राहणार. उद्या जाळून उपयोग नव्हता.

वर कोपऱ्यात कॅमेरा. शेजारी पाहुणी, कोरियाची, सत्तरीची, बे ओक-सून नावाची. एकटीच आलेली. एकटा पाहुणा म्हटलं की वाटाडे शब्द मोजून बोलायचे. गेल्या महिन्यात अशाच एकट्या पाहुण्याने फुर्बू नावाच्या वाटाड्याला गोडीगोडीत विचारलं होतं, तू प्रार्थना करतोस का रे? फुर्बू हो म्हणाला. पाहुणा वाटाड्यांवर नजर ठेवणाऱ्या खात्याचाच माणूस निघाला. फुर्बू आता सिमेंटच्या गोण्या उचलतो.

"तू प्रार्थना करतेस का गं?" ओक-सून बाईंनी विचारलं.

झालं.

"माझं काम माहिती देण्याचं, बाई."

"मी ते नाही विचारलं."

"माझ्याकडे तेवढंच उत्तर आहे."

म्हातारी नुसती बघत राहिली. युडोनचे पाणी न लागलेले, चिकटलेले केस बघितले. कानांची रिकामी भोकं बघितली. सुतकाच्या या खुणा झाकायला युडोनने टोपी खाली ओढली.

मूर्तीजवळ म्हातारा भिक्षू मेलेल्यांची नावं लिहीत बसला होता. ओक-सून बाई थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला एक नाव लिहून घ्यायचंय. आईचं."

युडोनने ते भिक्षूला आपल्या भाषेत सांगितलं. त्याने कागद ओढला. "बोल. नाव?"

"तूच सांग त्यांना," ओक-सून बाई युडोनला म्हणाल्या. "सकाळी गाडीत सांगितलं होतं ना मी तुला."

गाडीत त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं.

सापळा, दुसरं काय? कॅमेऱ्याचा लाल ठिपका लुकलुकत होता. मागची रांग कुरकुरायला लागली.

"अगं बोल की बये!" दिव्यात ओतायला आणलेला लोण्याचा थर्मास हलवत एक आजी करवादली. "मुकी झालीस काय? नाव तुला सुचेपर्यंत माझं लोणी गोठायचं!"

"तुम्हीच गोठाल आज्जे, लोणी नाही," मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली.

त्या हसण्याआडून ओक-सून बाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडेही एकोणपन्नासच दिवस असतात, पोरी."

युडोनने त्यांच्याकडे पाहिलं. मग भिक्षूकडे.

"ल्हाझोम," ती म्हणाली.

मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, म्हणून इतके दिवस घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. भिक्षूची लेखणी थांबली. तोही युडोनच्या आईच्याच गल्लीतला. त्याला पहिलं अक्षर तिनेच गिरवायला लावलं होतं. त्याने मान वर केली नाही. वर्गात लिहायचा तसा, एकेक अक्षर सावकाश लिहीत गेला. मग कागद ज्योतीवर धरला. सोनं काळं पडलं. राख दिव्यात पडली.

बाहेर फाटकाशी वाटाड्यांवरचा पेन्पा साहेब कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसलेला होता. पाहुण्यांनी काय काय विचारलं आणि वाटाड्याने काय सांगितलं, ते तिथल्या तिथे लिहून द्यावं लागे. एका रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर.

"काय युडोनबाई, दिव्यापाशी आज फारच रमलात! नाव कुणाचं जाळलं?"

"माझ्या आईचं," प्रश्न ताडून ओक-सून बाई इंग्रजीत चटकन म्हणाल्या.

"असं होय." साहेबाने जांभई दिली. "लिही. पाहुणीची आई. सही कर आणि सूट."

युडोनने पेन टेकवलं. दोन शब्द आणि सही. संध्याकाळी घरी, उद्या नवा पाहुणा. 'पाहुणीची' एवढं लिहून झालं आणि पेन अडलं. जिवंतपणी हिला दारात उभं केलं नाही. आता मेल्यावर ही दुसऱ्याची आई म्हणून कागदावर जाणार. आणि ते लिहिणार कोण, तर पोटची पोर.

तिने शब्द खोडला. मग भराभर लिहीत गेली आणि कागद साहेबाकडे फिरवला.

तो वाचायला लागला. "'नाव माझ्या आईचं होतं. बाईंना आणि भिक्षूला यातलं काही ठाऊक नव्हतं.' अगं ए! आणि हे काय, प्रश्नाच्या रकान्यात? 'तुमच्या पोरांना लिहायला शिकवणाऱ्या बाईला तिच्याच गल्लीतल्या देवळात पाऊल का टाकू दिलं नाहीत?'" त्याचा आवाज चिरका झाला. "हे पाहुणीने विचारलं?"

"नाही."

"डोकं फिरलंय तुझं! ओळखपत्र जाईल!"

युडोनने टोपी काढली. ओळखपत्र गळ्यातून काढून कागदावर ठेवलं, पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"प्रश्न माझा आहे, साहेब. उत्तराचा रकाना तुमचा. भरा."