सतरा नंबरची नळी

जे प्रथिन बाळाचा मेंदू घडवतं, तेच पुढे हाडंही धरून ठेवतं. ते आटलं की आधी हाडं ठिसूळ होतात आणि मागोमाग आठवणी गळायला लागतात. एवढं सिद्ध करण्यात लॅबच्या मॅडमनी उमेदीची पंधरा वर्षं घातली होती. आलेख अगदी मनासारखा आला होता, पण निरोगी गटातल्या सतरा नंबरने सगळा घोळ घातला. त्या नळीत प्रथिन जवळजवळ नव्हतंच.

"काका, नळ्यांची अदलाबदल केलीत ना?" मॅडम म्हाताऱ्या तंत्रज्ञावर करवादल्या. टेबलाचा कोपरा नुसता लागून मोडलेलं मनगट प्लास्टरमध्ये होतं, त्यामुळे त्या आधीच वैतागलेल्या होत्या.

"तीनदा तपासलंय हो."

"मग काढून टाका ती. धडधाकट माणसाचं रक्त असं असूच शकत नाही."

सतरा नंबर वगळला आणि शोधनिबंध दिमाखात छापून आला. मग चिठ्ठ्या टाकून नंबर दिलेल्या रक्तदात्यांच्या नावांचा सीलबंद लिफाफा काकांनी नियमाप्रमाणे मॅडमसमोर फोडला. सतराव्या ओळीत मॅडमचंच नाव होतं, पुढे त्यांचीच सही.

"कसं शक्य आहे? मी कुठे रक्त दिलं होतं?"

मॅडम थट्टा करताहेत असं वाटून काका हसले.


"अहो, असं काय करता? सगळ्यांच्या आधी तुम्हीच तर बाही वर केली होतीत!"