विरोधी पक्षाचा काढा

"टोपीवरचं ते फूल काढा आणि आत या, डॉक्टर," टॅबिथा दारातच म्हणाली.

डॉक्टर प्रुइटनी तिरंगी फितींचं फूल चाचपून पाहिलं. "बाई, हे फ्रेंच क्रांतीचे रंग, आमच्या रिपब्लिकन पक्षाचं निशाण आहे. ते उतरवून मी कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही."

"मग टोपीच काढा!"

"म्हणजे उद्या गावभर बोंब, प्रुइट फेडरलिस्टांपुढे वाकला म्हणून!"

आतून तिचा नवरा ओबडाया ओरडला. थंडीतापाने दात वाजत होते, पण आवाज खणखणीत. "कोण आलाय? तो फ्रेंचांचा दलाल? हाकल त्याला! आपले डॉक्टर वेल्ड कुठे मेले?"

"तुमच्याच पक्षाची भाषणं ठोकत हिंडताहेत!" टॅबिथा किंचाळली. काय माणसं आहेत ही! नवऱ्याने तर झोपायच्या टोपीलाही फेडरलिस्ट पक्षाचं काळं फूल टाचलं होतं.

डॉक्टरांनी एक बाटली तिच्या हातात दिली आणि आवाज खाली आणला. "सिंकोनाचा काढा आहे. आत्ताच पाजा. तापाचा आणखी एक झटका त्यांना सोसायचा नाही."

ते उंबऱ्यावरूनच परतले. टॅबिथाने वाटीत काढा ओतला आणि ओबडायाच्या तोंडाशी धरला. त्याने ओठ घट्ट मिटले.

"अहो, ऐका ना. पाया पडते तुमच्या."

"रिपब्लिकनाच्या हातचं औषध? त्यापेक्षा मेलो तरी चालेल."

"आणि मी? मी काय करायचं? पोरींना कोण बघणार?"

"देव आहे," असं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पोरी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. टॅबिथाला रडू यायला हवं होतं, पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बरं, मरा!" ती म्हणाली. "मंगळवारी मतदान आहे. गेल्या खेपेला तुमचा पक्ष तीनच मतांनी पडला ना? या खेपेला तुमचं मत गेलं की चार मतांनी पडेल. प्रुइट टोपी उडवत नाचेल."

मग ओबडाया कुशीवर वळला, तिच्या हातातली वाटी ओढून घेऊन काढा गटागटा प्यायला.

"अजून आहे?" त्याने तोंड पुसत विचारलं.

"आहे," टॅबिथा म्हणाली. "मंगळवारपर्यंत पुरेल."