उंदराची भक्ती

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रालाही झेंडूची माळ चढली. जिवंत उंदराच्या मेंदूत काय घडतंय, ते बारीक नळीतून हेरून हे यंत्र पडद्यावर लगेच दाखवायचं. आरतीला कापूर पेटला आणि पडद्यावरची रेषा टुणकन उसळली.

“शेवटी गणपतीचं वाहन! भक्ती कळते त्याला,” म्हणत संचालक गहिवरले आणि त्यांनी पत्रकार बोलावले.

बातमीत आपलंही नाव जाणार, म्हणून संशोधक शाल्मलीने आधी यंत्र तपासलं. यंत्राने कापराचा धूर ओढला होता. उंदीर गाढ झोपलेला. तिने संचालकांसमोरच नळी काढली, उंदराला पिंजऱ्यात सोडलं आणि पुन्हा कापूर पेटवला. रेषा तशीच उसळली.

“पाहिलंत सर? उंदीर नसतानाही!”

संचालकांनी यंत्रापुढे हात जोडले. “पत्रकारांना सांग, बातमी उंदराची नाही. त्याहून मोठी आहे.”