गेम उघडेपर्यंत

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं ते बटण दाबायला?" खुर्चीतून उठता उठता मुलगा म्हणाला. वडिलांकडे न बघताच.

"अरे, तू बाहेर गेलेलास, कॉम्प्युटर चालूच होता. नवीन सिस्टिम घ्या, नवीन सिस्टिम घ्या, असं सारखं येत होतं. मी आपलं हो म्हटलं."

"उद्या विहिरीत उडी मारा असं आलं तर?"

दुरुस्तीवाल्या बाईंनी मधे न पडता खुर्ची पुढे ओढली. असली भांडणं त्यांना नवी नव्हती. सिस्टिम बदलल्यावर कॉम्प्युटर मंदावला की घरात आधी आरोपी ठरतो, बिघाड मागाहून सापडतो. इथे तर राहणारी माणसंच दोन, त्यामुळे आरोपी शोधायलाही लांब जावं लागलं नव्हतं.

"गेम उघडायला वेळ किती लागतो?"

"चहा पिऊन होतो," वडील म्हणाले.

"आणि आधी?"

"आधी मी कप टेबलावर ठेवेपर्यंत सुरू व्हायचा."

"चाललंय ते चालू दे म्हटलं होतं मी," मुलगा म्हणाला. "उगाच बोलावलंत. आता आहे तेही बिघडेल." मग त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं. "तुम्हाला नाही म्हणालो, मॅडम."

त्यानं कॉम्प्युटर उघडून दिला आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

बाईंनी एकेक बघायला सुरुवात केली. डिस्क ठणठणीत होती. मेमरी भरपूर. बाकी सगळं झटपट उघडत होतं, हा एकच गेम नव्या नवरीसारखा उंबरठ्यावर अडून बसत होता.

गेमचं नाव नेमकं कसं लिहायचं म्हणून त्यांनी विचारलं, तर वडिलांनी की-बोर्ड ओढला आणि बोटांकडे न बघता नाव टाइप करून दिलं.

"वा, काका!"

"जन्मभर कचेरीत टाइपरायटरच बडवला."

ते शेजारच्या स्टुलावर बसले होते. स्टुलावर उशी होती आणि ती चांगलीच दबलेली होती.

"हे स्टूल इथेच असतं?"

"हल्ली असतं," ते म्हणाले. "पूर्वी त्याच्या कानावर हेडफोन. मी काय बोललो ते ऐकूच जायचं नाही. नवी सिस्टिम आली त्या रविवारी चहा घेऊन आलो, तर स्क्रीनवर ते गोल गोल फिरत होतं. त्यानं हेडफोन काढला आणि म्हणाला, बसा."

"मग?"

"मग काय, बसलो. त्याची आई होती तोवर आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. ती गेली आणि टपालच बंद पडलं." ते एकटेच हसले. "आता रोज गेम उघडेपर्यंत बोलतो आम्ही. सुरू झाला की मी कप उचलतो."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"माझ्या हातून बिघडलं ना. माझ्या सुखासाठी पोराला किती दिवस ताटकळत ठेवू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण घाई नाही हं. आज नाही झालं तरी चालेल."

बाईंना ते थोड्याच वेळात सापडलं. व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एका चौकटीत खूण होती. हा गेम उघडण्याआधी दर वेळी त्याच्या सगळ्या फाइल्स तपासाव्यात. असलं काम कुठलीही सिस्टिम आपणहून अंगावर घेत नाही. कोणीतरी ते हातानं केलं होतं, आणि शेजारी तारीखही होती. रविवारनंतरचा सोमवार.

म्हणजे रविवारचा उशीर खरा होता. नवी सिस्टिम पहिल्या दिवशी घर लावत असते. सोमवारपासूनचा मात्र कोणीतरी मुद्दाम लावून ठेवलेला.

बाईंनी वडिलांकडे पाहिलं. ते उशीचा कोपरा चिमटीत धरून बसले होते. म्हातारा पक्का निघाला, असं त्यांच्या मनात आलं. राग काही येईना.

"काका, सापडलं. एक खूण काढली की गेम पहिल्यासारखा."

"हो का? अरे वा," वडील म्हणाले. चेहरा मात्र उतरला.

बाथरूममध्ये अजून पाणी वाजत होतं. बाई हळूच म्हणाल्या, "काढू की राहू देऊ? तुम्ही म्हणाल तसं. त्याला मी काही बोलायची नाही."

वडिलांनी उशीचा कोपरा सोडला.

"काढा. त्याच्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला."

बाईंनी चौकटीवर क्लिक केलं. मशीननं पासवर्ड मागितला. खूण करायची असो वा काढायची, तो टाकल्याशिवाय मशीन हलत नाही. त्यांनी की-बोर्ड वडिलांपुढे सरकवला आणि हसल्या.

"टाका. सोमवारी टाकला होतात तोच."

"मी?" वडील त्यांच्याकडे बघतच राहिले. "अहो ताई, पासवर्ड मला कुठला माहीत असायला? तो त्यालाच ठाऊक. थांबा, बाहेर येऊ दे, त्यालाच टाकायला सांगतो."