सरळ चीर

उकाड्यातही वाऱ्यानं दुकानाचे पत्रे खडखडत होते. लाटांवरून माणसाला ओढत नेणारा तो भलामोठा पतंग टेबलावर पसरून दुरुस्तीवाल्या मावशी बुचकळ्यात पडल्या. याच पतंगाला या मोसमातली तिसरी चीर! खडकावर फाटलेल्या कापडाच्या कडा विस्कटतात. ही मात्र सरळ, शिवणीच्या अलीकडे अलगद थांबलेली. मुद्दाम कापलेली, पण पतंगाला जपून. “तासाभरात द्याल ना, मावशी?” पतंग घेऊन आलेला बाप म्हणाला. “दुपारी पोरीची स्पर्धा. असा एकसारखा वारा खाडीत वर्षातून चारदाच येतो!” त्याच्या शेजारी मुलगी नखं कुरतडत उभी होती. मावशींनी ताडलं, घाबरलेल्या पोरीनंच कापलंय. आयुष्यात पहिल्यांदाच त्या गिऱ्हाइकाशी खोटं बोलल्या, “आठवडा लागेल.” “आठवडा?” मुलीचे डोळे भरून आले. ती बाहेर धावली. बापानं मात्र सुटकेचा निःश्वास सोडला. “चालेल, मावशी. अगदी सावकाश करा.” मावशींनी सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला.